जकात

शब्दामागे चार सेंट.
'आणि' लिहिलं तरी चार, 'अग्निप्रलय' लिहिलं तरी चार.
डुलूथमध्ये नोव्हेंबरात काचेला आतून बर्फ धरतं
आणि मी मोजत बसते: एक पूल, पुलावर एक राक्षस,
राक्षसाचे दात, दातांचं विष, विषाचा उतारा,
उतारा चुकला तर काय.
अकरा पानं झाली. चार हजार शब्द.
एकशेसाठ डॉलर. हीटरच्या तेलाचं बिल एकशेबावन्न.
पुलावरून अजून कोणी गेलं नव्हतं.

गुरुवारी चर्चच्या तळघरात चाचणी.
घडीची टेबलं, कॉफीचं पिंप,
कोपऱ्यात नाताळच्या नाटकातल्या पुठ्ठ्याच्या मेंढ्या.
रेनाटा रात्रपाळीवरून थेट आलेली, नर्सच्या बुटांत.
थॅडियस, वय सोळा, पिशवीभर फासे;
त्यातला एक दगाबाज,
त्याला शिक्षा म्हणून वेगळ्या डबीत ठेवलेलं.
आणि ऑरव्हिल माकी,
टगबोटीच्या इंजिनाने डावा कान घेतलेला.

मी आवाज लावला: धुकं. पूल. पुलावर तो.
थॅडियसची मूठ खुळखुळली.
मी अकरा पानं हाताशी ओढली.
ऑरव्हिलने विचारलं, "जकात किती?"

"म्हणजे?"
"उगाच कोणी थंडीत पुलावर उभं राहत नाही.
काहीतरी मागत असणार."

दातांचं माप होतं माझ्याकडे.
भुकेचं कोष्टक होतं, सहा रकान्यांचं.
त्याला काय हवंय, ते लिहायचं राहिलं होतं.

अशा वेळी पानं चाळल्याचं नाटक करायचं असतं.
केलं. मग तोंडाला आलं ते बोलले:
"एक नाव. बरेच दिवस
मोठ्याने घेतलं नसशील असं."

पिंपाचा लाल दिवा गेला, हिरवा लागला.
बहिऱ्या बाजूने हाक आल्यासारखी
ऑरव्हिलने मान वळवली.
"अर्लीन," म्हणाला.

कोणी फासा टाकला नाही.
"जा," मी म्हटलं.
रेनाटाने तिचं नाव पलीकडे पोचल्यावर दिलं,
कोणी मागितलं नसताना.

लोक म्हणतात, मजा आहे बुवा तुमची,
खेळायचे पैसे मिळतात.
मी खेळत नाही.
मी आधी जाऊन खुर्च्या मांडते
आणि माणसं यायच्या आत निघते.
दान त्यांच्या हातचं.
ते पडेल तेवढी जागा झाडून ठेवायची, इतकंच.

त्या रात्री झाडली.
विष गेलं, उतारा गेला, सहा रकाने गेले.
उरले एकोणीस शब्द.
शहात्तर सेंट.

टोबायसचा फोन आला, संपादक.
"बाकीचं कुठाय?"
"पुलाखाली."
"करारात चार हजार आहेत, मार्गित."
"ठाऊक आहे."
बराच वेळ गप्प राहिला, तोही शब्दांवरच जगतो.
"बरं. उरलेल्या जागेत चित्रं टाकू."
तो महिना मी स्वेटरवर स्वेटर घालून काढला.

उन्हाळ्यात पुस्तक आलं.
श्रेयनामावलीत माझ्या आडनावाचं एक अक्षर गळालेलं.
आणि सप्टेंबरात सॅस्काटूनहून एक पोस्टकार्ड,
तिरक्या, घाईच्या अक्षरात:
पुलावर खोटं नाव सांगितलं तर चालतं का?
आमच्यात भांडण जुंपलंय.

तीन दिवस ते फ्रिजवर राहिलं.
गुरुवारी ऑरव्हिलच्या चांगल्या कानापाशी नेऊन वाचलं.
त्याने कॉफी ढवळली, साखर न घालताच.
"अर्लीन बोट होती," म्हणाला.
"बावीस वर्षं तिच्या पोटात काढली.
भंगारात काढली, त्या दिवशी मी गोदीवर गेलो नाही."

थॅडियसने शिक्षेची डबी उघडली,
पुन्हा बंद केली.

घरी येऊन सॅस्काटूनला उत्तर लिहिलं:
नियम त्यावर काही म्हणत नाही. तुम्ही ठरवा.
सात शब्द, फुकट.
वर टपालाचं तिकीट.